आप्पांवर ठेवलेली वही

"दार लावून घ्या," बऱ्हाटे साहेब म्हणाले.

मी दार लावलं आणि उभीच राहिले. रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी शिकाऊ मुलीला स्वतःच्या केबिनमध्ये बोलवावं, असं काही मी केलं नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

"बसा. फिरके ना तुम्ही? ललिता फिरके?"

"हो सर."

"किती दिवस झाले इथे?"

"पाच आठवडे."

"सपकाळेंकडेच शिकता ना?"

"हो, आप्पांकडेच."

'आप्पा' हा शब्द ऐकून त्यांनी ओठ मुडपले. टेबलावरचा कागद माझ्याकडे वळवला. त्यावर तारखा आणि वेळा होत्या.

"ऑगस्टपासून आजपर्यंत नेटवर्क सात वेळा बंद पडलं. सातही वेळा सपकाळे त्या स्विचरूममध्ये गेले आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळं सुरू झालं. त्याआधी दोन वर्षांत एकदाही असं झालं नव्हतं. तुम्हाला काय वाटतं?"

"आप्पांना त्यातलं चांगलं कळतं, म्हणून सर..."

"चालू करायचं कळतं, तसं बंद करायचंही कळत असेलच की."

ते पुढे झुकले. "सपकाळे मार्चमध्ये निवृत्त होतात. त्यांना मुदतवाढ हवी होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ट्रस्टने ठरवलं की मार्चनंतर हे काम बाहेरच्या कंपनीकडे द्यायचं आणि इथे हाताखाली एक माणूस ठेवायचा. आणि ऑगस्टपासूनच हे सुरू झालं. आपल्याशिवाय इथलं पान हलत नाही, हे दाखवायचा याहून सोपा मार्ग आहे का?"

मग त्यांनी खणातून एक हिरव्या पुठ्ठ्याची छोटी वही काढली.

"ते कधी कुठे जातात, कोणाशी बोलतात, काय करतात, एवढंच लिहायचं. त्यांना कळता कामा नये. आणि तो हाताखालचा माणूस कोण असावा, ते मीच ठरवणार आहे, हे लक्षात असू द्या."

ही गोष्ट दोन हजार सहा सालची. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ट्रस्टचं सव्वाशे खाटांचं रुग्णालय होतं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी तिथे सहा महिन्यांसाठी शिकाऊ म्हणून लागले होते. घरी सुरतेचं एक स्थळ दारात येऊन बसलं होतं. नोकरी कायम झाली तर लग्न वर्षभर पुढे ढकलू, एवढं मी वडिलांकडून कबूल करून घेतलं होतं. तेवढाच आधार माझ्या हातात होता.

वही मी पर्समध्ये टाकली.

भिकाजी सपकाळे मूळचे यावलचे. रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर त्यांनी पंचवीस वर्षं काढली होती. मग संगणक आले. लॅबचे रिपोर्ट चिठ्ठीवरून न जाता तारेवरून वॉर्डात जाऊ लागले, तेव्हा "तारांचं काम आहे ना, मग सपकाळेंना द्या," म्हणून कोणीतरी ते त्यांच्या गळ्यात मारलं. बावन्न-त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी पुस्तकं आणून, जळगावला फेऱ्या मारून ते शिकून घेतलं. इंग्रजी शब्द त्यांच्या तोंडी वाकडेतिकडे येत. पण त्यांच्या हातची केबल कधी बिघडत नसे.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यासमोर आठ बारीक रंगीत तारा पसरल्या होत्या.

"पोरी, संगणकाला नंतर हात लाव. आधी या आठजणी ओळीत बसव. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, मग निळी. इथेच सगळे चुकतात. हिरवी घालतात."

मीही हिरवीच घातली. मग केबलच्या टोकाला बसणाऱ्या पारदर्शक टोप्या मी किती वाया घालवल्या, त्याची गणती नाही. आप्पा चिमट्याने तोडायचे आणि पुन्हा करायला लावायचे. जमली तेव्हा म्हणाले, "आता हिच्यावर लेबल लाव. सात लिहिताना मधोमध आडवी रेघ मार, म्हणजे घाईत तो एक वाटणार नाही. रात्रपाळीच्या माणसाला आपलं अक्षर वाचता आलं पाहिजे."

दुसऱ्या आठवड्यात पत्ते शिकवले. प्रत्येक यंत्राला एक आकड्यांचा पत्ता असतो, तो आपण देतो. त्याशिवाय कारखान्यातून येतानाच त्याच्या अंगावर बारा अक्षरांचा एक क्रमांक कोरलेला असतो, तो जन्मभर तोच राहतो. आप्पांकडे जाड लाल रजिस्टर होतं. त्यात रुग्णालयातल्या एकूण एक यंत्राचे हे दोन्ही क्रमांक त्यांच्या ठाशीव अक्षरात होते. भंगारात गेलेल्या यंत्रांचेसुद्धा. त्यांच्यावर नुसती एक रेघ मारलेली.

"भंगारातलं कशाला जपायचं आप्पा?" मी विचारलं होतं.

"मेलेल्या माणसाचं नाव आपण घरातून खोडून टाकतो का?" ते म्हणाले होते, आणि डबा उघडून ज्वारी-उडदाच्या कळण्याची अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली होती. दुपारचं आम्ही रोज एकत्रच जेवायचो.

वही पर्समध्ये आल्यापासून ती भाकरी माझ्या घशाखाली नीट उतरेना. तरी मी लिहू लागले. आणि एकदा माणसावर नजर ठेवायला लागलं की दिसायला फार काही लागत नाही.

मंगळवारी दुपारी डॉक्टर जेवायला गेले असताना आप्पा हाडांच्या ओपीडीत शिरले. मी पॅसेजमधून पाहिलं. ते गुडघ्यांवर बसून संगणकाच्या मागच्या बाजूला बॅटरी मारत होते आणि चिठोऱ्यावर काहीतरी उतरवून घेत होते.

"काय करत होतात आप्पा?" मी नंतर सहज विचारल्यासारखं विचारलं.

"धूळ फार झालीय मागे," ते म्हणाले आणि चिठोरं खिशात घातलं.

धूळ कोणी लिहून घेतं का? मी वहीत लिहिलं: मंगळवार, १.३७, हाडांची ओपीडी, डॉक्टर नसताना. खोटं बोलले.

बुधवारी ते कान-नाक-घशाच्या खोलीत तसेच वाकलेले दिसले. त्याच दिवशी मी स्विचरूममध्ये शिरताच त्यांनी लाल रजिस्टर मिटलं. आधी कधी ते माझ्यासमोर रजिस्टर मिटत नसत.

गुरुवारी सकाळी ते टेलिफोन बोर्डावरच्या जुन्या जागी जाऊन हळू आवाजात बोलत होते. मी खांबाआड उभी राहिले. "जुनी यादी पाठवा तेवढी. हो, सगळे क्रमांक. पण इथे कोणाला कळू देऊ नका. साहेबांना तर नाहीच."

साहेबांना तर नाहीच. मी ते शब्द जसेच्या तसे लिहिले आणि खाली रेघ ओढली.

त्याच दुपारी आप्पांनी मला विचारलं, "पोरी, गेल्या आठवड्यात कोणी डॉक्टर घरून स्वतःचा लॅपटॉप घेऊन आलेला तुला दिसला का?"

"नाही. का हो?"

"काही नाही. दिसला तर मला सांग. दुसऱ्या कोणाला नको."

आता हे दुसऱ्याच्या माथी मारायला निघालेत, असं माझ्या मनात आलं. इतक्या सहज आलं की मलाच नवल वाटलं. आठ दिवसांपूर्वी माझं बोट कापलं तेव्हा याच माणसाने स्वतःच्या रुमालाची पट्टी फाडून बांधली होती.

त्याच गुरुवारी नेटवर्क आठव्यांदा बंद पडलं.

मी खाली तळमजल्यावर, जुन्या रेकॉर्डरूममध्ये होते. सरावासाठी ती खोली मला आप्पांनी दिली होती. तिथे एक भंगारात काढलेला संगणक होता, तो उघडायचा, जोडायचा, पुन्हा उघडायचा, असं माझं दुपारी दोननंतर चालायचं. इंटरकॉम वाजला.

"सगळं सोड आणि वर ये," आप्पांचा आवाज. "पुन्हा गेलंय."

मी यंत्र बंद केलं. खोली सोडताना बटणं बंद करायची, ही वडिलांनी लावलेली शिस्त. आणि जिने चढत वर धावले. दुसऱ्या मजल्यावर लॅबच्या तडवी मॅडम समोरून येत होत्या. एका हातात चपला, दुसऱ्या हातात कागद. त्या लॅबच्या प्रमुख, पन्नाशीच्या, अंगाने जड. मी त्यांना कधी भरभर चालतानाही पाहिलं नव्हतं.

"बाजूला हो!" त्या ओरडल्या आणि ऑपरेशन थिएटरकडे पळाल्या.

आत एक बाळंतीण होती. रक्तस्राव थांबत नव्हता आणि रक्त जुळवल्याचा रिपोर्ट थिएटरच्या पडद्यावर येत नव्हता. लॅबमधून तो केव्हाच पाठवला होता. तारेवरून निघालेला रिपोर्ट कुठे गेला, कोणालाच ठाऊक नव्हतं. फोन लावला तर थिएटरचा फोन गुंतलेला. शेवटी तडवी मॅडम स्वतः कागद घेऊन धावल्या.

बाई वाचली. पण आठ-दहा मिनिटं अशी गेली की त्यांच्याबद्दल बोलताना पुढे कित्येक दिवस लोक आवाज खाली आणायचे.

मी स्विचरूममध्ये पोहोचले तेव्हा आप्पा सर्व्हरच्या पडद्यासमोर बसले होते. पडद्यावरची एक इंग्रजी चौकट वाचून ते काहीतरी उतरवून घेत होते. मला पाहताच त्यांनी ती चौकट बंद केली.

"झालं सुरू," ते म्हणाले.

"काय झालं होतं?"

"अजून सांगता येत नाही."

वहीत मी लिहिलं: २.४७, आप्पा आत एकटे. माझ्यापासून पडदा लपवला.

शुक्रवारी सकाळी वही बऱ्हाटे साहेबांच्या टेबलावर होती.

शनिवारी अकरा वाजता साहेबांनी बोलावलं. केबिनमध्ये आम्ही चौघंच: साहेब, तक्रार करणाऱ्या म्हणून तडवी मॅडम, आप्पा आणि मी. आप्पा धुतलेला पांढरा शर्ट घालून, लाल रजिस्टर काखेत मारून आले होते. मला पाहून त्यांनी मान हलवली. मुलीला धीर द्यावा तशी.

"सपकाळे," साहेब म्हणाले, "मंगळवारी डॉक्टर नसताना तुम्ही त्यांच्या खोलीत काय करत होतात?"

आप्पा गोंधळले. "तुम्हाला कोणी..."

"बुधवारी कान-नाक-घशाच्या खोलीत? गुरुवारी फोनवर कोणाला सांगत होतात, साहेबांना कळू देऊ नका म्हणून?"

आणि त्यांनी हिरवी वही उघडून टेबलावर आप्पांच्या दिशेने टाकली.

आप्पांनी खिशातून चष्मा काढला. पान वाचलं. उलटलं. दुसरं वाचलं. मी त्यांच्या बोटाकडे पाहत होते. ते बोट एका वेळेवर थांबलं. १.३७. त्यातल्या सातावर मधोमध आडवी रेघ होती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"लिहिलेलं खरं आहे साहेब," ते म्हणाले. "मी त्या खोल्यांमध्ये गेलो होतो. यंत्रांचे क्रमांक बघायला."

"कशासाठी?"

"सर्व्हर पडला की दर वेळी पडद्यावर एक सूचना यायची. तुमचाच पत्ता दुसरं एक यंत्र वापरतंय, अशी. एकाच घराचा नंबर दोन घरांना दिला तर पोस्टमन काय करील? कधी पत्र इथे टाकील, कधी तिथे. लॅबचे रिपोर्ट निघत होते, पण त्या दुसऱ्याच यंत्राकडे जात होते. ते यंत्र बंद झालं की सगळं आपोआप जागेवर यायचं. मी आत जाऊन फार काही करत नव्हतो. सर्व्हरला सगळ्यांना पुन्हा हाक मारायला लावायचो, एवढंच."

"मग ते यंत्र कोणाचं?" तडवी मॅडमनी विचारलं.

"तेच शोधत होतो मॅडम. सूचनेत त्या यंत्राचा जन्मक्रमांक येतो. चालू यंत्रांच्या पानांवर तो नव्हता, आणि रेघ मारलेल्या ओळी बघायचं मला सुचलंच नाही. मला वाटलं, कोणा डॉक्टरांनी घरचा लॅपटॉप जोडला असेल. पण खात्री झाल्याशिवाय कोणाचं नाव कसं घ्यायचं? म्हणून कोणाला बोललो नाही. जळगावच्या संगणक विकणाऱ्यांकडून आपण घेतलेल्या यंत्रांची जुनी यादी मागवली. ती काल संध्याकाळी आली. क्रमांक एक्स-रे विभागाच्या जुन्या संगणकाचा निघाला." त्यांनी रजिस्टर उघडलं. रेघ मारलेल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "हा. मीच दोन वर्षांपूर्वी भंगारात काढलेला."

"आता कुठे आहे तो?"

"तळमजल्यावर. जुन्या रेकॉर्डरूममध्ये."

पहिल्या आठवड्यातली दुपार मला आठवली. माझी पहिली धड केबल तयार झाली होती. आप्पांनी बजावलं होतं, "हे यंत्र बाहेर जोडायचं नाही. इथल्या इथे खेळ." पण केबल खरंच चालते का, हे मला बघायचं होतं. कपाटामागे भिंतीत एक सॉकेट होतं. मी केबल तिथे खुपसली आणि यंत्राच्या पाठीवर हिरवा दिवा लागला. मला इतका आनंद झाला की ती काढावीशी वाटेना. आप्पांना दिसू नये म्हणून कपाट थोडं पुढे सरकवलं. यंत्राला पत्ता द्यायचा होता, तर फळ्यावर आप्पांनी उदाहरण म्हणून जो लिहिला होता, तोच जसाच्या तसा भरला. तो सर्व्हरचा आहे, हे तेव्हा मला कळत नव्हतं. पुढच्या आठवड्यात कळलं, तेव्हा स्वतःचं यंत्र आठवलं नाही.

ज्या दुपारी मी यंत्र पुरतं जोडून चालू करायची, त्या दुपारी वर नेटवर्क पडायचं. आप्पा मला बोलवायचे. मी शिस्तीने यंत्र बंद करून वर यायची. मी पोहोचेपर्यंत सगळं सुरू झालेलं असायचं. आठ वेळा. वहीत मी आप्पा कधी कुठे होते ते मिनिटासकट लिहिलं होतं. मी कुठे होते, हे एकदाही लिहिलं नव्हतं.

"त्या खोलीत कोण बसतं?" साहेबांनी विचारलं.

आप्पांसमोर वही अजून उघडी होती. त्यांनी ती हळूच मिटली.

"ती खोली माझ्या ताब्यात आहे साहेब. यंत्र मीच तिथे ठेवलं. भिंतीतलं सॉकेट वरून तोडायला हवं होतं, ते मी तोडलं नाही. चूक माझी."

"जोडलं कोणी?"

"माझी चूक आहे म्हटलं ना."

तडवी मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी जमिनीकडे. फरशीवर एक पिवळा डाग होता, तो आजही मला डोळ्यांसमोर आणता येतो. मला बोलायचं होतं. जीभ टाळ्याला चिकटली होती, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. जीभ मोकळी होती. मी सुरतेच्या स्थळाचा विचार करत होते.

"लिहून द्या," साहेब म्हणाले.

आप्पांनी लिहून दिलं. कमरेच्या करगोट्याला अडकवलेली स्विचरूमची किल्ली सोडून टेबलावर ठेवली. सोमवारपासून त्यांना टेलिफोन बोर्डावर बसायचं होतं. मार्चपर्यंत. दाराशी ते थांबले.

"फिरके मॅडम," ते म्हणाले, "सर्व्हरच्या मागचा पंखा आवाज करतो. तेवढं बघत चला."

केबिनबाहेर पडल्या पडल्या मी खाली गेले, कपाट ओढलं आणि ती केबल काढली.

त्यानंतर नेटवर्क एकदाही पडलं नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. किल्ली माझ्याकडे होती. बुधवारी साहेब स्वतः स्विचरूमच्या दारात आले. खुशीत होते.

"बघा, मी म्हटलं नव्हतं? माणूस बाजूला झाला आणि सगळं शांत. चूक झाली म्हणे! अशा चुका आपोआप होत नसतात." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमची ऑर्डर टाइपला दिलीय."

मी म्हटलं, "सर, ते यंत्र आप्पांनी जोडलं नव्हतं. मी जोडलं होतं."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग हसले. "सपकाळेंनी शिकवलं का हे बोलायला?"

"नाही सर. पहिल्या आठवड्यात मीच..."

"फिरके," ते म्हणाले, "सही केलेला कागद फाइलला लागलाय. विषय मिटलाय. आता नवीन काही काढू नका. तुमच्याच पायावर धोंडा पडेल."

त्यांना खरं ऐकायचंच नव्हतं. आणि मला, ते ऐकत नाहीत म्हणून, क्षणभर हायसं वाटलं. आपण सांगून तर पाहिलं! तेवढ्यावर मी गप्प राहू शकले असते. दुपारी डबा उघडला आणि जेवता येईना. डबा तसाच झाकून मी टेलिफोन बोर्डाकडे गेले.

आप्पा कानाला रिसीव्हर लावून बसले होते. मला पाहून त्यांनी समोरच्या स्टुलाकडे हात केला. परक्या माणसाला करतात तसा.

"आप्पा, ती केबल मी जोडली होती. मला त्या दिवशीच केबिनमध्ये कळलं. मी बोलले नाही."

"मला माहीत आहे."

"आणि ती वही..."

"तेही माहीत आहे." त्यांनी एक फोन जोडून दिला, मग माझ्याकडे वळले. "केबलचं काही वाटलं नाही मॅडम. शिकणाऱ्याचा हात चुकतोच. त्याच्यावर नजर ठेवणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. म्हणून कागदावर लिहिलं ते खोटं लिहिलं नाही."

"मग मी काय करू?"

"मला येऊन सांगितलंत, त्याचा काय उपयोग? मला ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा."

बोर्डावरचा दिवा लुकलुकला. त्यांनी रिसीव्हर उचलला.

मी लॅबमध्ये गेले. तडवी मॅडमच्या समोर बसून ट्रस्टच्या अध्यक्षांच्या नावाने अर्ज लिहिला. केबल, पत्ता, कपाट, आठही वेळा. वही कोणाच्या सांगण्यावरून लिहिली, तेही. मॅडमनी तो दोनदा वाचला.

"त्या बाईच्या जिवाशी गाठ होती, ललिता," त्या म्हणाल्या. "तुला कळतंय ना काय लिहून देतेयस?"

"कळतंय."

"शनिवारी तुझा चेहरा बघूनच मला शंका आली होती. वाट बघत होते, तू येतेस की नाही." त्यांनी खाली स्वतःची सही केली आणि अर्ज घेऊन त्या स्वतः अध्यक्षांच्या घरी गेल्या.

अध्यक्ष म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी मला पाच मिनिटं उभं करून प्रश्न विचारले. रागावले नाहीत, पण नजरही सोडली नाही. निर्णय दोन दिवसांत आला. आप्पांना किल्ली परत मिळाली. माझी टाइप झालेली ऑर्डर रद्द झाली. माझं शिकाऊपण पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू होणार होतं, तेही सपकाळेंची हरकत नसेल तर.

आप्पांनी हरकत घेतली नाही.

सुरतेचं स्थळ मात्र मोडलं. मुलीवर कामाच्या ठिकाणी काहीतरी ठपका आलाय, एवढं तिकडे पोहोचलं होतं. वडील महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

पुढचे सहा महिने आप्पांनी मला जे शिकवलं, ते मी आजही वापरते. काही हातचं राखलं नाही. बिघाड शोधायचा कसा, कुठून सुरुवात करायची, कुठली तार कुठल्या भिंतीतून गेलीय, सगळं. स्वतःचं लाल रजिस्टर माझ्या हातात देऊन पुन्हा पहिल्यापासून पडताळून घ्यायला लावलं. पण दुपारी ते बोर्डाजवळ जाऊन जेवायचे. आणि "हे बघा मॅडम", "इथे जरा लक्ष द्या मॅडम". कोणी तिऱ्हाईताने ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, किती मान देतात हे शिकाऊ मुलीला. मी दोन-तीनदा माफी मागायचा प्रयत्न केला. दर वेळी त्यांना नेमकं काहीतरी काम आठवायचं.

मार्चअखेर ते निवृत्त झाले. बाहेरची कंपनी आलीच नाही, ते प्रकरण कुठेतरी बारगळलं. बऱ्हाटे साहेबांची बदली ट्रस्टच्या कॉलेजात झाली. मला कायम केलं.

मे महिन्यात एका सकाळी बाळंतपणाच्या वॉर्डाकडची अख्खी बाजू बंद पडली. मी तारा तपासल्या, पत्ते तपासले, रजिस्टर उलथंपालथं केलं. दोन तास झाले. तडवी मॅडम चिठ्ठ्या घेऊन माणसं पळवत होत्या. शेवटी मी यावलला फोन लावला.

"आप्पा, मी ललिता."

"बोला मॅडम."

मी सगळं सांगितलं. त्यांनी चार प्रश्न विचारले. कुठून कुठपर्यंत बंद आहे, कालपासून तिथे कोणी भिंतीचं काम केलं का, स्विचवरचा दिवा पिवळा की विझलेला, आणि मी स्वतः काल तिथे कशाला हात लावला होता का. शेवटच्या प्रश्नावर मी थांबले. खरोखर आठवून पाहिलं.

"नाही आप्पा. मी तिकडे गेलेच नव्हते. पण गवंडी आले होते, खिडकीची चौकट बसवायला."

"मग खिडकीखालची पट्टी उघडा. खिळा गेला असेल आत."

खिळा तिथेच होता, केबलच्या बरोबर मधून गेलेला. मी नवी केबल ओढली, टोकं बसवली, दिवा लागला. फोन अजून चालू होता. तिकडे आप्पा रिसीव्हर धरून बसलेले मला ऐकू येत होते. मागे कोणीतरी भांडी घासत होतं.

"लागला दिवा?"

"लागला." मी चिमटा खाली ठेवला. "आप्पा, मला तुम्हाला एक सांगायचं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं..."

"मॅडम," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यासारखा नसला तरी कोरडाही नव्हता, "आधी लॅबला फोन करा. सुरू झालं म्हणून सांगा. ते लोक वाट बघत असतील."

त्यांनी फोन ठेवला. मी लॅबला फोन लावला.